जलविद्युत प्रकल्पातल्या विस्थापितांना जमीन कुठून द्यायची?

कातळफूल

सह्याद्रीत सध्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे करार धडाधड होताहेत. दिवसा सौरऊर्जा मुबलक असते तेव्हा खालच्या तलावातलं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प याच पद्धतीचा, तो चालू होऊन बरीच वर्षं झाली. मोठ्या धरणांच्या मानाने बुडीत क्षेत्र कमी, म्हणून सादरीकरणात विस्थापनाचा विषय एका ओळीत उरकतात. 'नियमानुसार मोबदला' एवढंच.

धागा काढायचं कारण असं की सिंचनाच्या धरणात निदान हिशोब मांडता येतो. वरच्यांची जमीन बुडते, खालच्यांची भिजते. महाराष्ट्राचा १९७६ चा पुनर्वसन कायदा याच तत्त्वावर उभा राहिला. लाभक्षेत्रात (धरणाच्या पाण्याने भिजणाऱ्या भागात) ठराविक मर्यादेपेक्षा जास्त जमीन असलेल्यांकडून स्लॅबप्रमाणे जमीन काढायची आणि बुडालेल्यांना द्यायची. अंमलबजावणीचे धिंडवडे निघाले ते वेगळं, पण तत्त्व रास्त होतं. त्यामागे बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारख्यांनी उभी केलेली धरणग्रस्तांची चळवळ होती आणि 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा होती.

आता जलविद्युत घ्या. मुळशीचं पाणी कोकणात भिऱ्याला उतरतं. कोयनेचं पोफळीला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. ज्यांना फायदा झाला ते मुंबईतले गिरणीवाले, कारखानदार, आणि आज आपण सगळे. आपल्याकडे स्लॅब लावून काढून घेण्याजोगी जमीन कुठे आहे? लाभक्षेत्रच नाही. लाभधारक कोण हे दाखवता येत नसलं की त्याच्याकडून काही मागताही येत नाही. मग सगळं ओझं सरकारी पडीक जमिनीवर किंवा वनजमिनीवर जातं आणि शेवटी रोख रकमेवर येऊन थांबतं.

माझं म्हणणं असं की जमिनीचा बदला जमीन जिथे शक्य आहे तिथे द्याच, पण जलविद्युत प्रकल्पात खरं लाभक्षेत्र म्हणजे वीजबिल. विस्थापितांचा वाटा तिथून, दर युनिटमागे, प्रकल्प चालू आहे तोवर निघाला पाहिजे. एकदाच पैसे मोजून फारकत घेण्याचा प्रकार बंद व्हावा. पटतंय का? न पटल्यास कारणासकट हाणा.

टर्बाईन

वीजनिर्मितीत नोकरी झाली, त्यामुळे थोडा त्या बाजूने बोलतो.

एक दुरुस्ती. कोयनेचं सगळंच पाणी पश्चिमेला जात नाही. कृष्णेच्या पाण्याची राज्यांत वाटणी करणाऱ्या कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. पायथा वीजगृहातून पूर्वेला सोडलेलं पाणी पुढे कृष्णेवरच्या उपसा योजनांना मिळतं. त्यामुळे कोयनेला लाभक्षेत्र अजिबात नाही असं म्हणता येणार नाही. फक्त ते ज्या काळात आणि ज्या क्रमाने तयार झालं, त्यात कोयनेच्या माणसांचा नंबर लागला नाही.

दुसरं, जलविद्युतला शिव्या घालण्याआधी तिचं काम समजून घ्या. संध्याकाळी मागणी एकदम उसळते तेव्हा औष्णिक संच तासन्‌तास घेतात, कोयनेचे संच काही मिनिटांत भार उचलतात. १,९६० मेगावॅटची ही सोय राज्याकडे नसती तर भारनियमन कितीतरी वाईट झालं असतं.

युनिटमागे वाट्याच्या कल्पनेला माझा विरोध नाही, उलट एक मुद्दा भर घालतो. जलविद्युतचा खर्च जवळजवळ सगळा सुरुवातीचा असतो. इंधन फुकट. कर्ज फिटलं, घसारा संपला की जुन्या केंद्राची वीज सगळ्यात स्वस्त पडते. म्हणजे नव्या प्रकल्पावर वाट्याचा बोजा टाकलात तर वीज महाग होऊन ती कुणी घेणार नाही अशी ओरड होईल. जुन्या केंद्रांत मात्र खरोखरच जागा आहे. आणि ज्यांचं देणं सगळ्यात जास्त थकलंय ते विस्थापितही जुन्या केंद्रांचेच आहेत.

सोनसळी

वाचतेय. टर्बाईन यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१.

नवी_वसाहत

गाव-तालुका लिहीत नाही, पण आम्ही पुनर्वसित गावठाणातले. धरण वीज आणि थोडं सिंचन असं मिश्र. आजोबा उठले तेव्हा वडील शाळेत होते.

पुनर्वसन म्हणजे काय ते वरून दिसत नाही, म्हणून लिहितो. सगळं संकलन रजिस्टरवर चालतं. कुणाची किती जमीन गेली, घरात किती माणसं, वाटप किती देय, किती दिलं, सगळं त्या एका रजिस्टरात. त्यात आमच्या आजोबांच्या धाकट्या भावाचं क्षेत्र चुकून आजोबांच्या खात्यात धरलेलं. परिणाम असा की आजोबांना 'जमीन दिली' आणि चुलत आजोबांची 'नोंद नाही'. ती दुरुस्त करायला वडिलांचं अर्धं आयुष्य गेलं. दर नव्या साहेबाला पहिल्यापासून सांगायचं, मागच्या साहेबाने फाईल कुठे ठेवली ते शोधायचं.

जमीन मिळाली ती भोगवटादार वर्ग २. परवानगीशिवाय विकता येत नाही. नियम बरोबरच आहे, नाहीतर पहिल्याच वर्षी दलालांनी लाटली असती. पण बँकेत पीककर्जाला गेलं की सातबाऱ्यावरचा शेरा बघून साहेब कपाळाला आठ्या घालतो. शिवाय ताब्याची पावती हातात असूनही मूळ मालक दोन हंगाम तिथे नांगर घालत होता. त्यालाही दोष काय देणार? त्याची जमीन स्लॅबमध्ये गेली, त्याच्या मनाविरुद्ध. भांडण आमच्या दोघांत लागलं आणि धरण बांधणारे निवांत.

जमीन मिळण्याआधी मोबदल्यातले ६५ टक्के भरावे लागतात हे कितीजणांना माहीत आहे? मोबदला हातात आला तेव्हा घर बांधायचं होतं, पोरींची लग्नं होती. पैसे संपले. जमिनीसाठी भरायला पैसे नाहीत, म्हणून जमिनीची यादी आली तेव्हा काहीजण यादीतच नव्हते.

नवीन गावठाणात कागदावर अठरा नागरी सुविधा. शाळेची इमारत होती, चावडी होती. गायरान कागदावर होतं, पण यजमान गावाची गुरं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच चरणारी. आमच्या म्हशी पहिल्या वर्षात विकल्या गेल्या. आजी म्हणायची, दूध विकत घेण्याची लाज वाटते. स्मशानाच्या जागेवरून तर एकदा प्रेत रस्त्यावर ठेवून पंचायत बसली होती.

आणि दाखला. प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. दाखला खात्यामागे एक. आजोबांचं एक खातं, त्यांना तीन मुलगे, त्यांना मिळून सात नातवंडं. दाखला कुणाच्या नावावर हस्तांतरित करायचा यावरून दोन काका अजून एकमेकांच्या ओट्यावर चढत नाहीत.

आडवाटे

नवी_वसाहत, मन हेलावलं, पण तुमच्याच प्रतिसादावरून माझा मुद्दा सिद्ध होतो. जमीन देण्याच्या नादात सरकारने माणसाला चाळीस वर्षं कचेरीच्या दारात बसवलं. त्यापेक्षा सरळ भरघोस रोख रक्कम द्यावी आणि माणसाला त्याचं बघू द्यावं. शेती परवडत नाही म्हणून खेड्यातली पोरं तशीही बाहेर पडताहेत. त्यांना पुन्हा दोन एकर वर्ग २ मध्ये कशाला अडकवता? २०१३ च्या कायद्याने चौपट मोबदला मिळतो. चौपट! त्यात शहरात गाळा घेता येतो.

रोजनामा

वकिली करतो, भूसंपादनाची कामं बघतो. आडवाटे, ते 'चौपट' जरा उलगडून बघू.

२०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. ग्रामीण भागात बाजारभावाला १ ते २ पट गुणक, आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. गुणक २ धरला तर बाजारभाव ५ लाख असलेल्या एकराचे २० लाख होतात. ऐकायला छान. पण बाजारभाव ठरतो तो आजूबाजूच्या आधीच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांवरून किंवा रेडीरेकनरवरून. ज्या खोऱ्यात धरण होणार अशी वीस वर्षं बोलवा आहे तिथे कोण जमीन विकत घेतो? खरेदीखतंच नाहीत. असली तर भावाभावांतली, कमी किमतीची. दरीतल्या जमिनीचा दर कमी, तिची चौपटही रस्त्याकडेच्या जमिनीच्या एकपटीला पोचत नाही. पैसे घेतलेला माणूस जमीन घ्यायला निघतो तेव्हा त्या पंचक्रोशीतले भाव दलालांनी आधीच वर नेलेले असतात.

कातळफूल यांच्या मूळ प्रश्नाशी संबंधित बारकावा असा. या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत 'जमिनीला जमीन' ही तरतूद सिंचन प्रकल्पासाठी आहे, लाभक्षेत्रात किमान एक एकर, आणि तीही 'शक्यतोवर'. निव्वळ जलविद्युत प्रकल्पाला ती लागत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना मात्र कोणत्याही प्रकल्पात बुडालेल्या जमिनीइतकी किंवा अडीच एकर, यांतली कमी असेल तेवढी जमीन द्यायची आहे. जलविद्युतसाठी खास म्हणून काय आहे? जलाशयात मासेमारीचा हक्क देता येईल असं म्हटलंय, आणि पाणी भरण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण झालं पाहिजे ही अट आहे. ही अट फार मोलाची आहे. जुन्या धरणांत ती नव्हती, म्हणून लोक गुडघाभर पाण्यातून सामान काढत होते.

कायद्यात नोकरी किंवा एकरकमी ५ लाख किंवा २० वर्षं महिना किमान २,००० रुपये असा पर्याय आहे. शेतमजूर, कूळ, कारागीर हेही तीन वर्षांच्या वास्तव्याच्या अटीवर 'बाधित कुटुंब' धरले जातात. सज्ञान व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, स्वतंत्र कुटुंब. हा शेवटचा बदल नर्मदेच्या पाणीतंटा लवादाच्या निवाड्याशी ताडून बघा, तिथे फक्त सज्ञान मुलगे धरले होते.

आता मेख. हे सगळं सरकारने भूसंपादन केलं तर. खाजगी कंपनीने एजंट पाठवून थेट खरेदी केली तर पुनर्वसनाची जबाबदारी राज्याने ठरवलेल्या क्षेत्रमर्यादेच्या वर गेल्यावरच लागते. उदंचन प्रकल्पांत कंपन्या खाजगी आहेत आणि लागणारी जमीन कमी आहे. पुढचं तुम्हीच समजा.

सोनसळी

रोख रकमेवरच बोलायचं तर नर्मदेवरच्या सरदार सरोवराचं मध्य प्रदेशातलं उदाहरण समोर आहे. नर्मदा लवादाने १९७९ मध्ये पाव हिश्श्याहून जास्त जमीन गेलेल्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर सिंचनयोग्य जमीन सांगितली होती. मध्य प्रदेशाने नंतर जमिनीऐवजी हप्त्यांनी रोख रकमेचं पॅकेज आणलं. दुसरा हप्ता हवा तर जमीन घेतल्याची रजिस्ट्री दाखवा. झालं, बनावट रजिस्ट्र्यांचा बाजार उभा राहिला. एकच जमीन अनेकांना विकली गेली, काही जमिनी अस्तित्वातच नव्हत्या. चौकशीला न्यायमूर्ती झा आयोग नेमावा लागला. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६८१ कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख आणि फसवल्या गेलेल्या १,३५८ कुटुंबांना १५ लाख द्यायला सांगितले.

म्हणजे रोख दिली की सरकारची कटकट संपते हा समज खोटा. पहिल्यांदा जमीन दिली असती तर स्वस्तात सुटले असते.

नंदुरबारच्या ३३ गावांचं नाव कुणी घेत नाही म्हणून सांगते. अक्कलकुवा आणि अक्राणीतली ही आदिवासी गावं. त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के, मध्य प्रदेशाचा ५७, गुजरातचा १६. म्हणजे आपल्या राज्यापुरतं बोलायचं तर त्या गावांनी घरं सोडली ती प्रामुख्याने विजेसाठी. आणि सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवर दिव्याचा उजेड यायला त्यानंतरही किती वर्षं लागली ते तिकडे जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे.

आडवाटे

ठीक, मध्य प्रदेशचा मुद्दा मान्य. पण तो भ्रष्टाचाराचा दोष आहे, रोख रकमेचा नव्हे. थेट खात्यात पैसे टाकले असते तर रजिस्ट्रीचा खेळ झालाच नसता.

हेमाडपंती

आडवाटे, खातं कुणाचं? सगळी गोम तिथे आहे.

मुळशीचा सत्याग्रह (१९२१ ते १९२४) आपण सेनापती बापटांच्या नावाने ओळखतो, विनायकराव भुस्कुट्यांचं नाव जाणकार घेतात. पण त्या लढ्यात फूट कुठे पडली? जमिनी कागदोपत्री ज्यांच्या होत्या त्यातले बरेच पुण्यात राहणारे सावकार. त्यांना चांगला दर मिळाल्यावर ते मोकळे झाले. भात लावणारा मावळा कूळ, त्याच्या हाती काही नाही. 'जान किंवा जमीन' म्हणणारे हे दुसरे होते. शंभर वर्षं झाली, आजही निवाड्याची (ठरलेल्या मोबदल्याची) रक्कम सातबाऱ्यावरच्या नावावर जाते. घरातल्या बाईचं नाव त्यावर क्वचित. डोंगरावरची वरकस, नाचणी-वरीची फिरती शेती, जंगलातून येणारा हिरडा, मध, लाकूडफाटा, नदीतले मासे यांचं कुठलंच खातं नाही. रोख रकमेत त्यांची किंमत शून्य धरली जाते आणि गाव उठल्यावर पहिल्या वर्षी घराचा निम्मा खर्च नेमका त्याच गोष्टी विकत घेण्यात जातो.

जागतिक बँकेत काम केलेले समाजशास्त्रज्ञ मायकेल सर्निया यांनी विस्थापनातले आठ धोके मांडले होते. भूमिहीनता, बेरोजगारी, बेघर होणं, आजारपण, अन्नाची असुरक्षितता वगैरे. त्यात सामाईक साधनांचा हक्क जाणं आणि गावाची वीण उसवणं हेही मोजले आहेत. आठांपैकी रोख रकमेने किती भरून येतात ते मोजा.

कातळफूल

चर्चा छान चाललीय. मूळ मुद्द्याकडे वळवते: युनिटमागे वाटा. हे हवेतलं नाही, जगात निरनिराळ्या रूपांत चालू आहे.

नॉर्वेत जलविद्युत प्रकल्पाला आपल्या विजेचा दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा स्थानिक नगरपालिकांना उत्पादनखर्चात द्यावा लागतो. कोलंबियात १९९३ च्या कायद्याने मोठ्या जलविद्युत केंद्रांच्या ढोबळ विक्रीतले ६ टक्के नगरपालिका आणि पर्यावरण प्राधिकरणं यांच्याकडे जातात. नेपाळमध्ये कंपनीच्या समभागांत प्रकल्पग्रस्त स्थानिकांसाठी १० टक्क्यांपर्यंत राखीव असतात.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते चीनचं. लोकशाहीचा तिथे पत्ता नाही, तीन घळ्यांच्या (थ्री गॉर्जेस) धरणासाठी बारा लाखांवर माणसं हलवली, त्यांना विचारलं कुणी नाही. तरी २००६ मध्ये त्यांनी असा निर्णय केला की मोठ्या आणि मध्यम जलाशयांच्या विस्थापितांना माणशी वर्षाला ६०० युआन, २० वर्षं. पूर्वी उठलेल्यांनाही, म्हणजे मागे जाऊन. आणि त्यासाठीचा पैसा वीजदरावरच्या अधिभारातून. रक्कम तुटपुंजी आहे, पण वीज वापरणाऱ्याने विस्थापिताचं देणं फेडायचं ही रचना त्यांनी करून दाखवली.

आपल्याकडेही बीज आहे. २००८ च्या केंद्रीय जलविद्युत धोरणात राज्याला मिळणाऱ्या १२ टक्के मोफत विजेखेरीज आणखी १ टक्का स्थानिक क्षेत्र विकास निधीसाठी, आणि प्रत्येक प्रकल्पग्रस्त कुटुंबाला महिना १०० युनिट वीज, प्रकल्प सुरू झाल्यापासून १० वर्षं. दहाच वर्षं का? धरण तर शंभर वर्षं टिकेल या हिशोबाने बांधतात. आणि १ टक्का 'स्थानिक क्षेत्रा'साठी म्हणजे धरणाजवळच्या रस्त्याला आणि सभागृहाला. जो माणूस उठून दीडशे किलोमीटरवर गेला तो स्थानिक राहिलाच नाही.

टर्बाईन

आकडा मांडू या, नाहीतर सगळं भावनेवर जाईल.

समजा एक केंद्र वर्षाला १०० कोटी युनिट करतं. युनिटमागे ५ पैसे काढले तर वर्षाला ५ कोटी रुपये. विस्थापित कुटुंबं हजार असतील तर प्रत्येकी ५०,००० रुपये दरसाल. चांगली रक्कम आहे. पण कुटुंबं दहा हजार असतील तर ५,०००. आता नवी_वसाहत यांच्या आजोबांची सात नातवंडं आठवा. तिसऱ्या पिढीला वाटून वाटून काय उरतं? कुटुंब म्हणजे मूळ खातं धरायचं की आजची चूल, हे आधी ठरवावं लागेल. नाहीतर दाखल्यावरून झालं तेच भांडण पैशावरून होईल.

आणि उदंचन प्रकल्पाचा पेच वेगळा. तो निव्वळ वीज तयार करत नाही, चढवायला जेवढी लागते त्याहून थोडी कमीच परत देतो. त्याची कमाई आहे ती वेळेची, दुपारच्या स्वस्त आणि संध्याकाळच्या महाग विजेतल्या फरकाची. तिथे युनिटमागे वाट्यापेक्षा मेगावॅटमागे दरसाल ठराविक भाडं जास्त सोपं. केंद्र चालो न चालो, भाडं चालू.

कातळफूल

भाडं! हे मला सुचलं नव्हतं. जमीन कायमची विकत न घेता भाडेपट्ट्याने घ्या, मालकी गावाकडे ठेवा, हाही त्याचाच पुढचा भाग होऊ शकतो.

रोजनामा

पाण्याखालच्या जमिनीचा भाडेपट्टा कायद्याने अशक्य नाही, पण बँका कर्ज देताना कुरकुरतील. दर ठराविक वर्षांनी वाढणारी वर्षासनाची रक्कम करारात घालणं जास्त व्यवहार्य. टर्बाईन यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर: वाटा गावाच्या सामाईक निधीत टाकला तर चुलींची गणती टळते, पण मग गावच दहा ठिकाणी विखुरलेलं असेल तर ग्रामसभा कुणाची? कोयनेचे विस्थापित ठाणे, रायगड, रत्नागिरी, सातारा, सांगली, सोलापूर असे पसरले आहेत. त्यांना एकत्र बसवायलाच आंदोलन करावं लागतं.

हेमाडपंती

कोयनेचंच आणखी एक. अनेक गावं लांब गेली नाहीत, पाणी चढलं तशी डोंगरात वर सरकली. घर बुडालं, वरची थोडी जमीन उरली, तिच्यावर राहिली. १९६७ च्या ११ डिसेंबरच्या भूकंपात उरलीसुरली घरं हलली. १९८५ ला तो भाग अभयारण्य झाला, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. म्हणजे पुन्हा उठा. बामणोली-तापोळ्याच्या बाजूला लाँचमधून फिरणाऱ्या पर्यटकाला तो जलाशय फार सुंदर दिसतो. पलीकडच्या काठावरच्या गावाला आजारी माणूस आणायला तीच लाँच लागते हे तिकिटावर लिहिलेलं नसतं.

करीबाचंही असंच. आफ्रिकेत झांबेझी नदीवर १९५० च्या दशकात बांधलेल्या त्या धरणासाठी ५७,००० टोंगा लोक उठवले. सुपीक नदीकाठ सोडून बरेचजण कोरड्या, पातळ मातीच्या जमिनीवर गेले. एलिझाबेथ कोल्सन आणि थेअर स्कडर या दोघा अभ्यासकांनी ती कुटुंबं पुढे कित्येक दशकं बघितली, म्हणून आज आपल्याला पहिल्या पाच वर्षांपलीकडचं काही ठाऊक आहे. आपल्याकडे एकदा वाटप 'पूर्ण' असा शेरा पडला की त्या कुटुंबाचं पुढे काय झालं हे बघायची पद्धतच नाही.

नवी_वसाहत

मासेमारीचा विषय निघाला म्हणून. गाळपेर जमिनीचाही काढा. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आमचीच जुनी जमीन उघडी पडते, गाळाने काळी झालेली, कलिंगड-काकडी झकास येते. कसायला ती भाड्याने मिळते आणि प्राधान्य धरणग्रस्तांना आहे. पण काठावर राहिलेल्यालाच ते जमतं. मासेमारीचा ठेका बाहेरच्या ठेकेदाराच्या संस्थेला, आमची पोरं त्याच्याकडे रोजंदारीवर. आपल्याच शेताच्या वरून जाळं ओढायचं, मासा त्याचा.

मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापित आदिवासींनी सहकारी संघ काढून दहा वर्षं, १९९६ ते २००६, मासेमारी स्वतः चालवली असं आमच्या बैठकीत एका कार्यकर्त्याने सांगितलं होतं. कुणाला जास्त माहीत आहे का?

सोनसळी

तवा मत्स्य संघ. हो, उत्तम चालला होता, रोजगारही चांगला दिला. मग जलाशय सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो म्हणून हक्काचं नूतनीकरण झालं नाही. म्हणजे पुन्हा हेमाडपंती म्हणतात तेच. (अवांतर: तवा मुख्यतः सिंचनाचं धरण आहे.)

आडवाटे

मी माझं मत थोडं बदलून मांडतो, पूर्ण नाही. वर्षासन असावं, पण ज्याला हवं त्याला ते एकरकमी घेण्याचा पर्यायही असावा. सज्ञान माणसाला तुझे पैसे तुला पेलणार नाहीत म्हणणारे आपण कोण?

हेमाडपंती

आजच्या सज्ञान माणसाने एकरकमी घेतलं तर नातवाचा हक्क त्यानेच विकला. मला पटत नाही. असो, यावर आपलं जमणार नाही.

डोंगरकूस

नवीन सदस्य. इतके दिवस नुसता वाचत होतो. आमच्या घाटमाथ्यावर अशाच एका उदंचन प्रकल्पासाठी सर्वेक्षणवाले फिरताहेत, ड्रोन उडवून गेले. गावात एजंटही येतोय, 'आत्ता दिलीत तर जास्त दर, नंतर सरकार घेईल' म्हणतो. अजून नोटीस कसलीच नाही. आम्ही आत्ता काय करावं?

रोजनामा

थोडक्यात सांगतो, पण तुमच्याकडचा जाणता वकील बघाच.

एजंटच्या कुठल्याही कोऱ्या किंवा 'संमती' लिहिलेल्या कागदावर सही, अंगठा नको. विसार घेऊ नका. सातबारा, आठ-अ, फेरफार काढून घ्या. कुळाची नोंद, विहीर, झाडं, बांध पिकपाहणीत आहेत का बघा. नसतील तर आत्ता लावून घ्या. अधिसूचना निघाल्यावर व्यवहारांवर बंदी येते आणि मग नोंदी करणं अवघड होतं. जंगलजमीन कसत असाल तर वनहक्काचा दावा, वैयक्तिक आणि सामूहिक दोन्ही, ग्रामसभेत आजच दाखल करा. ग्रामसभेचा ठराव लेखी, उपस्थितांच्या सह्यांसकट.

नोटीस आलीच तर प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत हरकत द्यायची असते, प्रत्येकाने स्वतंत्र, पोच घेऊन. संयुक्त मोजणीला हजर राहा, झाडं मोजताना सोबत फिरा, फोटो काढा. निवाड्याची रक्कम घ्यायची वेळ आली तर 'निषेध नोंदवून स्वीकारत आहे' असं लिहून घ्या. बिनशर्त घेतलीत तर वाढीव मोबदल्यासाठी दाद मागता येत नाही. याच एका वाक्याअभावी अडकलेली प्रकरणं मी बघितली आहेत.

डोंगरकूस

फार आभार. एक शंका, सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे. ते वारले. वडील, दोन आत्या, एक काका. नोटीस कुणाच्या नावाने येईल?

रोजनामा

आजोबांच्याच. आणि घरी कुणी 'मिळाली' म्हणून सही केली की सगळ्यांना मिळाली असं धरतील. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज याच आठवड्यात द्या, मृत्यूदाखला जोडून. आत्यांची नावं घाला. हक्कसोडपत्र वगैरे आत्ता नको. प्रत्येक नाव म्हणजे पुढे हरकत घेणारं आणखी एक माणूस.

नवी_वसाहत

आणि अर्जाच्या पोचेची झेरॉक्स दोन ठिकाणी ठेवा. आमची एकाच पेटीत होती, उंदरांनी खाल्ली.